यंत्रांचे घरोघरचे रिवाज



वसंत ऋतूतील या संध्याकाळी आपण येथे जमता ते काही तरी रसाळ ऐकावे म्हणून. आम्ही मात्र आज आपणांपुढे संगणकाच्या पडद्यावरील एक काळी खिडकी आणि फाइलींची नावे घेऊन उभे आहोत. विषय वरवर रुक्ष आहे, हे आम्ही आधीच कबूल करून टाकतो. परंतु ज्या प्रसंगाने आम्ही या विषयाकडे ओढले गेलो तो प्रसंग ऐकल्यावर तो आपल्यापासून फार दूरचा नाही, असे आपणांसही वाटेल अशी आशा आहे.

काही वर्षांपूर्वी एका वाचनालयातील जुन्या मराठी ग्रंथांची छायाचित्रे संगणकावर जतन करण्याच्या कामात आम्ही हात घातला होता. प्रत्येक खंडाची एक फाइल, आणि फाइलीस शुद्ध मराठी नाव. नावांची यादी विंडोज प्रणालीच्या संगणकावर टंकलेली होती. फाइली एका जुन्या मॅक संगणकावर तयार झाल्या आणि तेथून लिनक्स प्रणालीच्या संगणकावर आणल्या गेल्या. मग आम्ही एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. त्याने यादीतील एकेक नाव वाचावे, त्या नावाची फाइल आहे की नाही ते पाहावे, आणि नसेल तर ‘गहाळ’ अशी नोंद करावी. काम पाच मिनिटांचे. परंतु निकाल पाहून आम्ही चक्रावलो. ‘पहिल्या खंडाची पाने’ आहे, ‘चौथ्या खंडाची पाने’ आहे, ‘पाचव्या’ आहे. ‘दुसऱ्या’ आणि ‘तिसऱ्या’ खंडाची मात्र गहाळ! आणि तीही एका ग्रंथाची नव्हे, सगळ्याच ग्रंथांची. फोल्डर उघडून पाहावे तर फाइल समोर दिसते आहे. डोळ्यांना दिसे ते यंत्राला दिसेना. ती यादी तशीच कार्यकारी मंडळापुढे गेली असती, तर हातात असलेले ग्रंथ हरवले म्हणून दप्तरी नोंदले गेले असते.

चूक कोणाची होती? विंडोजची नव्हती, मॅकची नव्हती, लिनक्सचीही नव्हती. तिघेही आपापल्या घरच्या रिवाजाप्रमाणे वागले होते. चूक आमची होती. कारण तीन घरांत एकच रिवाज असणार असे आम्ही गृहीत धरले होते. ‘दुसऱ्या’ खंडाचे कोडे कसे सुटले ते शेवटी सांगू. आधी हे रिवाज आले कोठून, ते पाहू.

संगणकावर चालणारा कोणताही प्रोग्रॅम थेट यंत्राशी बोलत नाही. मध्ये एक कारभारी असतो. त्यास कार्यप्रणाली म्हणतात. फाइल उघड, अक्षर दाखव, कळ दाबली का ते सांग, ही सगळी कामे या कारभाऱ्याकडे मागावी लागतात. आणि विंडोज, लिनक्स, मॅक या कारभाऱ्यांची अर्ज घेण्याची रीत निरनिराळी आहे. म्हणून प्रोग्रॅम लिहिणारे लोक प्रत्येक कारभाऱ्याशी त्याच्या बोलीत बोलणारे लहान दुभाषे तयार ठेवतात. त्यांस मॉड्यूल म्हणतात. १९९१ साली लोकांपुढे आलेल्या पायथॉन या भाषेत असे दुभाषे पुष्कळ आहेत. ‘एमएसव्हीसीआरटी’ नावाचे मॉड्यूल फक्त विंडोजच्या घरी चालते. ‘टर्मिओस’ आणि ‘एफसीएनटीएल’ ही मॉड्यूले युनिक्सच्या कुळातल्या घरी, म्हणजे लिनक्सवर आणि आजच्या मॅकवर चालतात. एकाने दुसऱ्याच्या घरी पाऊल टाकायचे नाही.

आता ती काळी खिडकी. इंग्रजीत तिला कन्सोल किंवा टर्मिनल म्हणतात. तीत चित्रे नाहीत, बटणे नाहीत. अक्षरे टंकावीत आणि उत्तर अक्षरांतच घ्यावे. तिचा पूर्वज म्हणजे टेलिप्रिंटर. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत खडखड करीत बातम्यांचे कागद ओकणारे ते यंत्र आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. १९६३ साली निघालेले ‘टेलिटाइप मॉडेल ३३’ हे यंत्र पुढे संगणकास जोडले गेले. ते सेकंदास १० अक्षरे छापी. ओळ संपली की त्यास दोन निरनिराळे हुकूम द्यावे लागत: एक, छापणारे मुंडके डावीकडे परत ने, दोन, कागद एक ओळ वर सरकव. पहिल्या हुकमाचा अंक १३, दुसऱ्याचा १०. मुंडके परत येण्यास एका अक्षराहून अधिक वेळ लागे, म्हणून १३ आधी पाठवायचा. तोवर १० चे काम होई आणि वेळ भरून निघे.

टेलिप्रिंटर गेला, कागद गेला, मुंडके गेले. हुकूम मात्र राहिले. आणि वारसांनी ते वाटून घेतले! १९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन टॉमसन आणि डेनिस रिची यांनी ज्या युनिक्स प्रणालीचा पाया घातला तिने ओळीच्या शेवटी फक्त १० ठेवला. गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या प्रणालीने १३ आणि १० दोन्ही ठेवले, तोच रिवाज १९८१ च्या डॉसने उचलला, आणि डॉसकडून तो विंडोजकडे आला. जुन्या मॅकने फक्त १३ ठेवला होता. २००१ साली मॅकने युनिक्सच्या पायावर नवे घर बांधले तेव्हा तोही १० कडे वळला. युनिक्सच्या घरी काळ्या खिडकीस आजही ‘टीटीवाय’ म्हणतात. ते टेलिटाइपचेच आडनाव आहे.

आपण म्हणाल, ओळीच्या शेवटी एक अंक असला काय आणि दोन असले काय! मजकूर असेल तोवर फारसे बिघडत नाही. विंडोजच्या घरी सी भाषेतील प्रोग्रॅमने फाइल ‘मजकूर’ म्हणून लिहावयास घेतली, की सी भाषेचा तेथला दुभाषा प्रत्येक १० च्या आधी आपण होऊन १३ घालतो. वाचताना तो काढून टाकतो. मजकुराच्या बाबतीत हा उपकार आहे. परंतु त्याच रीतीने छायाचित्र लिहिले, तर छायाचित्रातील प्रत्येक १० हा ओळीचा शेवट समजला जातो, त्याच्याआधी एक आगंतुक १३ बसतो, आणि चित्राचे मातेरे होते. याखेरीज सीपी/एमच्या काळी फाइलीची लांबी १२८ बाइटांच्या पटीत मोजली जाई. मजकूर नेमका कोठे संपला हे सांगण्यासाठी २६ हा अंक खूण म्हणून घालीत. तो रिवाजही वंशपरंपरेने आला आहे. चित्रात मध्येच २६ आला, तर मजकूर म्हणून वाचणारा प्रोग्रॅम ‘संपले’ असे समजून तेथेच थांबतो.

या अनुभवातून शहाणे झालेल्या लोकांनी काय केले ते ऐकण्याजोगे आहे. १९९६ साली ठरलेल्या पीएनजी या चित्रप्रकाराची प्रत्येक फाइल आठ अंकांनी सुरू होते: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. ही आठ अंकांची ओळ म्हणजे नाक्यावरचा पहारा आहे. १३७ हा साध्या इंग्रजी अक्षरांच्या, म्हणजे १२७ पर्यंतच्या, मर्यादेबाहेरचा. वाटेत कोणी प्रत्येक बाइटातला वरचा भाग छाटला, तर तो लगेच बदलतो. ८०, ७८, ७१ ही पी, एन, जी ही अक्षरे. पुढे १३-१० ही जोडी आणि शेवटी एकटा १०: कोणी दोनाचे एक केले किंवा एकाचे दोन केले, तर येथेच चोरी पकडली जाते. मधला २६ हा डॉसच्या घरी कोणी चुकून मजकूर म्हणून चित्र दाखवू लागला, तर तेथेच थांबविण्यासाठी. रिवाज निरनिराळे आहेत हे मान्य करून, त्यांचा आघात कोठे होईल ते ओळखून, दारातच परीक्षा ठेवली! भेद नाकारून नव्हे, तर भेद ओळखून केलेले हे काम आहे.

काळ्या खिडकीतील दुसरा घोळ कळफलकाचा. आपण एक कळ दाबली की ती प्रोग्रॅमला लगेच कळते, असा आपला समज असतो. युनिक्सच्या घरी तसे नाही. तेथे कारभारी सबंध ओळ आपल्याजवळ साठवतो. आपण खाडाखोड करून घ्यावी, एंटरची कळ दाबावी, मगच ओळ आत जाते. एकेक कळ हवी असेल तर टर्मिओस मॉड्यूलकडून कारभाऱ्याची ही सवय तात्पुरती बंद करवून घ्यावी लागते, आणि काम झाल्यावर पूर्ववत करावी लागते. प्रोग्रॅम मध्येच कोलमडला आणि पूर्ववत करणे राहून गेले, तर खिडकी मुकी होते: आपण टंकतो आणि अक्षर उमटत नाही. नवशिक्यांना संगणक बिघडला असे वाटते. बिघडलेले काही नसते, पाहुण्याने जाताना घर आवरलेले नसते, इतकेच. विंडोजच्या घरी एमएसव्हीसीआरटी मॉड्यूलमधील एकच हुकूम दाबलेली कळ तत्काळ आणून देतो. परंतु तेथेही वर जाणाऱ्या बाणाची कळ दाबली तर साधारणतः २२४ आणि ७२ असे दोन अंक हाती येतात. लिनक्सवर त्याच कळीचे २७, ९१, ६५ असे तीन. हे तीन अंक १९७८ साली निघालेल्या व्हीटी१०० या टर्मिनलच्या परंपरेतले. ती भाषा विंडोजच्या काळ्या खिडकीने विंडोज १० च्या काळात, २०१६ च्या सुमारास, शिकून घेतली. दोन घरांच्या बोली जुळावयास सुमारे चाळीस वर्षे लागली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

फाइलींच्या बाबतीत रिवाज आणखी कडक. युनिक्समध्ये फोल्डरांच्या वाटेत सरळ तिरकी रेघ घालतात, विंडोजमध्ये उलटी. कारण असे की डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डरच नव्हते, आणि सरळ रेघ हुकमांच्या पोटखुणांसाठी वापरून झाली होती. १९८३ साली फोल्डर आले तेव्हा उलट्या रेघेवर भागवावे लागले. विंडोजमध्ये नावात अपूर्णविरामाची दोन टिंबे चालत नाहीत. ‘सभा सकाळी १०:३०’ असे नाव लिनक्सवर सुखाने नांदते आणि विंडोजवर दारातूनच परत फिरते. ‘सीओएन’ या तीन इंग्रजी अक्षरांच्या नावाची फाइल विंडोजवर नेहमीच्या रीतीने करताच येत नाही. कारण ते नाव डॉसच्या काळापासून कन्सोलसाठी राखून ठेवलेले आहे. मालक केव्हाच गेला, पण त्याची खुर्ची अजून कोणास मिळत नाही!

हे भेद बाह्य आहेत. नाव बदलले, रेघ बदलली की भागते. परंतु काही भेद स्वभावाचे असतात. दोन माणसे एकाच वेळी एका फाइलीत लिहू लागली तर घोटाळा होऊ नये म्हणून फाइलीस कुलूप लावतात. विंडोजचे कुलूप हे खरे कुलूप: दुसऱ्याने लिहावयाचा यत्न केला तर कारभारी त्यास अडवतो. युनिक्सच्या घरचे नेहमीचे कुलूप म्हणजे दारावरची पाटी: ‘आत काम चालू आहे.’ जो पाटी वाचतो तो थांबतो. जो वाचत नाही तो सरळ आत जातो, आणि कारभारी त्यास अडवत नाही. तसेच उघडलेल्या फाइलीचे. विंडोजमध्ये कोणी फाइल उघडून बसला असेल आणि त्याने आधीच मुभा दिली नसेल, तर ती पुसता येत नाही. युनिक्समध्ये ती खुशाल पुसता येते. नाव जाते, पण ज्याने उघडली आहे त्याचे वाचन शेवटपर्यंत चालू राहते, आणि त्याने फाइल मिटल्यावरच आतला मजकूर नाहीसा होतो.

आता प्रश्न असा की इतक्या घरी चालावयाचा प्रोग्रॅम लिहावा कसा? आमच्या अनुभवात दोन चुका नेहमी होतात. पहिली म्हणजे पावलोपावली ‘विंडोज असेल तर असे, लिनक्स असेल तर तसे’ असे पेरीत जाणे. त्याने प्रोग्रॅमची गोधडी होते. कोणते ठिगळ कोणी लावले ते वर्षभराने लावणाऱ्यासही उमगत नाही. दुसरी चूक म्हणजे भेद नाहीतच असे धरून चालणे. ती आम्ही केली होती.

यांच्यामधला सरळ मार्ग जाणत्यांनी दाखवून ठेवला आहे. पायथॉनमध्ये फाइलींच्या वाटा जोडण्यासाठी ‘ओएस.पाथ’ नावाचे मॉड्यूल आहे. वापरणाऱ्यास ते एक दिसते. खरे पाहता ते एक दार आहे आणि दारामागे दोन खोल्या आहेत: एक विंडोजच्या रिवाजाची, दुसरी युनिक्सच्या. जे घर असेल ती खोली आपोआप उघडते. दुसरी खोली कुलूपबंद नसते. लिनक्सवर बसून विंडोजच्या वाटेचा विचार करावयाचा असेल तर तीही हवी तेव्हा उघडता येते. १९८७ साली लॅरी वॉल यांनी लिहिलेल्या पर्ल भाषेतही ‘फाइल-स्पेक’ हे मॉड्यूल अशाच बांधणीचे आहे. सारांश, भेद जेथे आहे तेथे तो एका ठरलेल्या जागी, नाव लावून ठेवावा. बाकीच्या घरात त्याची दुर्गंधी पसरू देऊ नये. आणि कुलपासारखा भेद, जो एका दारामागे लपवता येत नाही, तो लपवू नये. पाटीला कुलूप म्हणून विकणारे मॉड्यूल हे मॉड्यूल नसलेले बरे. कारण त्याच्या भरवशावर कोणी तरी तिजोरी उघडी टाकून जाईल.

सभाजनहो, येथवर सांगितलेले भेद इंग्रजी लिहिणाऱ्यासही सोसावे लागतात. आपण मराठी लिहू लागलो की त्यांत भर पडते.

काळी खिडकी जन्मली ती टेलिप्रिंटरच्या पोटी. म्हणून तिचा पडदा बुद्धिबळाच्या पटासारखा चौकटींचा. एका चौकटीत एक अक्षर. आता ‘स्त्री’ हा शब्द घ्या. संगणकाच्या संकेतात त्याचे सहा भाग: स, हलन्ताची खूण, त, पुन्हा हलन्ताची खूण, र, आणि दीर्घ वेलांटी. साठवताना यूटीएफ-८ या रूढ पद्धतीत प्रत्येक भागास तीन बाइट, म्हणजे अठरा. पडद्यावर चौकटी किती? कोणाच्या हिशेबाने चार, कोणाच्या हिशेबाने तीन. आणि आपल्या डोळ्यांना दिसते ते एकच अक्षर! मग कन्सोलवरील तक्त्यातले रकाने सरळ येणार कसे? हा प्रश्न आमच्याकडे फार पूर्वीच ओळखला गेला होता. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले काम पुढे नेऊन पुण्याच्या सी-डॅक संस्थेने ‘जिस्ट’ नावाचे कार्ड तयार केले. संगणकात ते बसवले की डॉसच्या नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर देवनागरी उमटे. प्रणाली दाद देईना, तर आपल्या लिपीसाठी वेगळा दुभाषा, तोही लोखंडी, करून बसवला. त्या पिढीच्या या चिकाटीचा आम्हांस आदर वाटतो.

पुढे विंडोज २००० मध्ये युनिकोडच्या वाटेने मराठी आली. पण जुन्या पद्धतीच्या अक्षरतक्त्यात मराठीस जागा दिली गेली नव्हती. परिणाम असा की जुन्या पद्धतीने विचारणाऱ्या प्रोग्रॅमला मराठी नावाची फाइल ‘????’ अशी नुसत्या प्रश्नचिन्हांनी सांगितली जाई. आणि प्रश्नचिन्ह तर विंडोजमध्ये फाइलीच्या नावात निषिद्ध! यंत्र नाव सांगे, पण त्या नावाने हाक मारली तर कोणी ओ देत नसे. पायथॉनच्या मॉड्यूलांत हा घोळ विंडोजवर २०१६ च्या ३.६ या आवृत्तीत बव्हंशी मिटला. काळी खिडकी आणि फाइलींची नावे दोहोंसाठी युनिकोडची वाट मुक्रर झाली. तरी एक खुबी राहतेच. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल-व्यवस्थेत नावास २५५ बाइटांची मर्यादा आहे, म्हणजे मराठीत ८५ खुणा. विंडोजवर मात्र मर्यादा २५५ खुणांची. शंभर खुणांचे ऐसपैस मराठी नाव एका घरी मावते आणि दुसऱ्या घरी मावत नाही.

आणि आता ‘दुसऱ्या’ खंडाचे कोडे. ‘दुसऱ्या’ आणि ‘तिसऱ्या’ या शब्दांत असे काय आहे, जे ‘पहिल्या’त आणि ‘चौथ्या’त नाही? आपला अर्धचंद्री र! त्यास युनिकोडमध्ये ‘ऱ’ असे स्वतंत्र स्थान आहे. आणि त्याच अक्षराचे दुसरे मान्य रूप म्हणजे साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता, असे दोन तुकडे. विंडोजवर टंकलेल्या यादीत ते एकसंध होते. जुन्या मॅकची १९९८ पासूनची फाइल-व्यवस्था मात्र प्रत्येक नावातील अशी अक्षरे सोडवून तुकड्यांनी ठेवी. तिच्या घरचा तो रिवाज होता. लिनक्स कोणाच्या अक्षरांत ढवळाढवळ करीत नाही. त्याच्या लेखी बाइट निराळे म्हणजे नाव निराळे. दोन्ही रूपे पडद्यावर हुबेहूब एक. यंत्राला मात्र दोन. २०१७ पासूनची मॅकची नवी व्यवस्था नाव दिले तसे जपते. पण जुन्या तबकड्या अजून कपाटांत आहेत.

उपाय दोन ओळींचा निघाला. तुलना करण्यापूर्वी यादीतील आणि तबकडीवरील दोन्ही नावे एकाच ठरलेल्या रूपात आणावयाची. त्यासाठी मॉड्यूल तयारच होते. आम्ही ते एका जागी, दारात बसवले. दुसरे आणि तिसरे खंड तत्काळ सापडले. त्यातही थोडे उरले. ते कोणी तरी र, हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण अशा तिसऱ्याच रीतीने टंकले होते, आणि त्या रूपास हे मॉड्यूल ‘ऱ’चे भावंड मानत नाही. ती नावे आम्ही डोळ्यांनी पाहून हाताने दुरुस्त केली. यंत्राच्या रिवाजांइतकेच माणसांचे रिवाजही असतात, हे त्या दिवशी नीट कळले.

या प्रसंगातून आम्ही एक नियम घेतला, आणि तो आपल्यापैकी जे तरुण या व्यवसायात आहेत त्यांच्या हाती ठेवून रजा घेतो. ज्या लोकांनी ही मॉड्यूले लिहिली त्यांनी आपापल्या घरचे शब्द घालून ती तपासली. त्यांच्या घरी ‘दुसऱ्या’ हा शब्द नव्हता. तो घालून पाहण्याचे काम आपले आहे. आपण नवा प्रोग्रॅम लिहाल तेव्हा पहिली चाचणी ‘टेस्ट’ या नावाच्या फाइलीवर घेऊ नका. ‘दुसऱ्या स्त्रीचा अर्ज’ अशा नावाच्या फाइलीवर घ्या, आणि ती तिन्ही घरी घ्या. आणि प्रोग्रॅम ‘फाइल नाही’ असे सांगेल तेव्हा लगेच विश्वास ठेवू नका. उठून कपाट उघडा आणि पाहा. ‘मला सापडली नाही’ आणि ‘ती नाहीच’ या दोन वाक्यांतील अंतर यंत्रास कळत नाही. ते कळणे हे अजून माणसाचे काम आहे.